सोमवारची दाढी

त्या सलूनमध्ये आरसे चार, खुर्च्या चार आणि कायदा एकच. दर सोमवारी सकाळी, शटर अर्धंच वर असताना, कारागिरांनी एकमेकांची दाढी करायची. मशीनने नाही, वस्तऱ्याने. सलूनचे मालक सत्तरी ओलांडलेले, त्यांना सगळा रस्ता वस्ताद म्हणायचा. ते म्हणत, "ज्याला स्वतःच्या गळ्यावर दुसऱ्याचा वस्तरा सोसत नाही, त्याने दुसऱ्याच्या गळ्याला हात लावू नये." यावर वाद घालायची सोय नव्हती. वस्तादांशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

पहिली खुर्ची खिडकीपाशी, भरपूर उजेडात. ती सलूनमधल्या सगळ्यात चांगल्या हाताची. अठरा वर्षांपूर्वी वस्तादांची नजर अधू झाली तेव्हा ते आपणहून दुसऱ्या खुर्चीवर गेले आणि पहिली त्यांनी आपल्या चेल्याला दिली. या चेल्याचा वस्तरा गालावरून फिरला तरी कळत नसे, म्हणून त्याला सगळे मखमल म्हणत. तिसऱ्या खुर्चीवर रेडिओ. त्याला रेडिओ का म्हणतात हे त्याच्याकडे एकदा केस कापायला बसलात की समजतं. आणि चौथी खुर्ची पोरासोरांची, तिथे जो मोकळा असेल तो जाई. तिच्या हातांवर आडवी फळी टाकलेली असे, फळीवर मूल आणि मुलाच्या डोळ्यांत पाणी.

मखमलचा हात मऊ, पण त्याची स्वतःची दाढी भलती राठ. सकाळी तुळतुळीत करावी तर दुपारच्या चहाला गालावर पुन्हा निळी झाक. लेक लहान असताना तो तिच्या गालाला गाल घासायचा आणि ती किंचाळत आईच्या मागे लपायची. आपल्या दाढीचा त्याला मनातून तोरा होता. "माझी दाढी ज्याला जमली, त्याला जगातली कुठलीही जमेल," असं तो सांगायचा.

पंचवीस वर्षं कोपर उचलून काम केल्यावर खांदा रुसणारच. मखमलचा असा रुसला, की शस्त्रक्रिया करावी लागली. ती झाली छान. दुखू नये म्हणून डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी खांदा शांत झालाच, वर डोक्यातली कटकटही शांत झाली. लेकीची फी, भाड्याचं घर, रेडिओची बडबड, सगळं लांबून ऐकू यावं तसं वाटू लागलं. दोन आठवडे संपले तेव्हा मखमलने दुसऱ्या डॉक्टरला खांदा दाखवला. मग तिसऱ्याला. मग सासूबाईंचे गुडघे दुखत होते, तर त्यांच्यासाठी गोळ्या आणायला हा जावई इतक्या तत्परतेने धावू लागला, की सासूबाई शेजारणींना त्याचं कौतुक सांगायच्या. गोळ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात राहत. अशी तीन वर्षं गेली. नशा करणारे लोक वेगळे, असं त्याचं ठाम मत होतं. आपल्याकडे तर डॉक्टरची चिठ्ठी आहे.

याच काळात त्याने जी चूक केली, ती फक्त दाढी करणारा माणूसच करू शकतो. त्याची स्वतःची दाढी वाढायची मंदावली. आधी एक दिवसाआड करून भागायला लागलं, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मखमलला वाटलं, हा आपल्या नव्या साबणाचा गुण! नुकताच तो तेल आणि कोरफडीचा गर घालून घरी दाढीचा साबण ढवळायला लागला होता. "हा लावा साहेब," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "एकदा दाढी केली की चार दिवस आरशात बघायला नको." गिऱ्हाईक चौथ्या दिवशी अस्वलासारखं होऊन परत आलं, की म्हणायचा, "तुमच्याकडचं पाणी जड असणार." दिवसभर चार चार आरशांसमोर उभा राहणारा हा माणूस, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बाकीच्या खुणाही होत्या. दुपारी अंगातलं बळ जायचं. बसल्या जागी घाम फुटायचा आणि कॉलर भिजायची. दंड सैल पडले. बायको घरी पडदे शिवायची. तिच्याशी तो कधी तुसडेपणाने वागायचा, कधी वागायचाच नाही. तिच्या अंगाला हात लावावा असं त्याला वाटेनासं झालं होतं. या सगळ्यावर त्याच्याकडे एकच उत्तर होतं, वय. वय होतं सेहेचाळीस.

मग तो सोमवार आला. मखमल खुर्चीत बसला, वस्तादांनी ब्रश भिजवला आणि फेस लावण्याआधी नेहमीसारखा त्याच्या गालावरून उलटा हात फिरवला, हनुवटीकडून कानाकडे. केस किती, कसे, कुठे राठ आहेत, ते या एका हातात कळतं. वस्तादांचा हात मध्येच थांबला.

"कधी केलीस?"

"गेल्या सोमवारी. तुम्हीच केलीत की."

"खोटं बोलू नकोस."

"आईशप्पथ वस्ताद. तो साबण..."

"खड्ड्यात गेला तुझा साबण. पन्नास वर्षं गाल चाचपतोय मी. ही आठ दिवसांची दाढी नाही. तुझी तर नाहीच नाही. पोरा, तुझ्या अंगात काहीतरी बिघडलंय."

मखमल हसला आणि विषय बदलला. त्याची दाढी उरकली, वस्ताद खुर्चीत बसले, त्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. मखमलने त्यांना फेस लावला. सकाळी निघताना त्याने एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या होत्या. वस्तरा गळ्यापर्यंत आला, आणि तिथे, वस्तादांच्या कानाच्या खाली, मखमलला डुलकी लागली. फार नाही, मान एकदा खाली जाऊन वर येईल एवढीच. डोळे उघडले तेव्हा पांढऱ्या फेसात लाल रेघ उतरत होती.

रेडिओ ओरडला. वस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी टॉवेल दाबून धरला, मखमलच्या हातातून वस्तरा काढून घेतला, पुसला, मिटला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. जखम फार खोल नव्हती. तुरटीने रक्त थांबलं.

"तुझी नोकरी जात नाही," ते म्हणाले. "पण वस्तरा माझ्याकडे राहील. पहिली खुर्ची तुझी आहे, ती मी कोणाला देणार नाही. मात्र तू बरा होईस्तोवर तिच्यावर तूही काम करायचं नाहीस. तोवर पोरांचे केस काप, कैचीने."

आणि त्यांनी पहिल्या खुर्चीवर पांढरी चादर टाकली. अठरा वर्षं पहिल्या खुर्चीवर उभा असलेला कारागीर त्या दिवशी फळीवरच्या रडक्या पोरापाशी जाऊन उभा राहिला. लाजेने त्याचे कान तापले होते. गिऱ्हाइकांनी विचारलं, की रेडिओ सांगायचा, "खुर्चीची स्प्रिंग गेलीय." जन्मात पहिल्यांदा तो कमी शब्दांत बोलला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

घरी आल्यावर मखमलने पावडरचा डबा बायकोच्या शिलाई मशीनवर ठेवला.

"अगं, यात..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. सुईत दोरा ओवता ओवता ती थांबली. "वर्ष झालं. सहा वेळा उघडून पाहिला मी तो डबा. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार होतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"भीती वाटली. तुम्हाला मी नकोशी झाले असेन, असंही वाटायचं. माणूस शेजारी झोपतो आणि पाठ करतो, तेव्हा बाईच्या डोक्यात दुसरं काय येणार?"

यावर मखमल रडला. आपण एका डब्यामागे लपलो तेव्हा ही बाई वर्षभर स्वतःलाच दोष देत बसली, हे त्याला गालफडात बसल्यासारखं लागलं.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरबाई बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी झोप विचारली, घाम विचारला, नवरा-बायकोचं विचारलं, आणि मग म्हणाल्या, "दाढी किती दिवसांनी करता?"

मखमलला हसू आलं. "बाई, धंदाच तो आहे माझा."

"दुसऱ्यांची नाही. तुमची."

त्याने साबणाची कथा सांगितली. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "हे बघा, मेंदूतून खाली सारखा निरोप जातो, की पुरुषाचं हार्मोन तयार करा. या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की तो निरोपच दबतो. खाली कामगार हजर आहेत, पण त्यांना कामावर कोणी बोलावत नाही. ताकद, उमेद, हाडं, दाढी, बायकोची ओढ, हे सगळं त्या निरोपावर चालतं. तुमचं वय झालेलं नाही. तुमच्या प्रेमालाही काही झालेलं नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी बायकोकडे बघून म्हटलं. बायकोने पदराने डोळे पुसले आणि कोणी पाहिलं नाही ना, ते पाहिलं.

रक्त सकाळी सकाळी द्यायचं होतं. आकडा आला तो फारच खाली.

"हा आकडा तुमच्या वयाला शोभत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आमच्या वस्तादांचा याच्याहून जास्त निघेल."

"निघेलही," त्या न हसता म्हणाल्या.

"मग त्या हार्मोनचं इंजेक्शन द्या आणि मोकळं करा."

"बाहेरून आयतं मिळालं तर आतले कामगार आणखी झोपतील. आधी गोळ्या उतरवू, हळूहळू, काही महिने घेऊन. पुष्कळांचं आपोआप परत येतं. सगळ्यांचं येतंच असं मी सांगणार नाही. नाही आलं तर औषधं आहेत, तेव्हा बघू."

पण मखमलला हुशारी सुचली. हळूहळू कशाला? मर्दासारखं एका झटक्यात सोडू. त्याने सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. दुसऱ्या दिवशी शिंका सुरू झाल्या, नाक वाहू लागलं, अंगावर काटा उभा राहिला तो बसेचना. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं आणि पाय आपोआप झटके देऊ लागले. चौथ्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "कुठूनही आण, पण एक गोळी आण." तिने गोळी आणली नाही. रिक्षा आणली आणि त्याला डॉक्टरबाईंच्या समोर नेऊन बसवलं.

डॉक्टरबाई चांगल्याच तापल्या. "तुम्ही कोरड्या गालावर, पहिल्याच हाताला उलटा वस्तरा फिरवता का?"

"छे हो बाई! सोलून निघेल माणूस. आधी गरम टॉवेल, मग फेस, मग केसांच्या दिशेने, मग..."

एवढी साधी गोष्ट आपल्याला आपल्याच कामातून कळली नाही, याचं त्याला नवल वाटलं. त्यानंतर मात्र त्याने शिस्त मोडली नाही. गोळ्या बायकोच्या शिलाई मशीनच्या बॉबिन ठेवायच्या डबीत राहत. ती रोज नेमून दिलेली तेवढी देई. दर दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरबाई त्यातून थोडी कमी करत. प्रत्येक वेळी आठवडाभर मखमलचा जीव खालीवर होई, मग अंग त्या मापाला सरावे. खांद्यासाठी व्यायाम शिकवणारी मुलगी मिळाली. टॉवेलचं एक टोक दाराला बांधून तो सकाळ-संध्याकाळ ओढत बसायचा. दुखायचं. दुखलं तरी माणूस मरत नाही, हे तो तीन वर्षांत विसरला होता, ते पुन्हा शिकला.

हात थरथरायचे, त्यावर त्याने जुना उपाय काढला. शिकाऊ कारागीर फुग्यावर वस्तरा चालवायला शिकतो. फुगा फुगवायचा, फेस फासायचा आणि न फोडता पूर्ण फेस उतरवायचा. वस्तऱ्याला बंदी होती, पण ती माणसाच्या गळ्याची, फुग्याच्या नाही. म्हणून घरच्या जुन्या वस्तऱ्याने दर रविवारी तो फुग्यांची दाढी करू लागला. चौदा वर्षांची लेक फुगे फुगवायची.

पहिल्या रविवारी अकरापैकी अकरा फुटले आणि शिवून ठेवलेल्या पडद्यांवर फेस उडाला.

"बाबा, गिऱ्हाईक मेलं," लेक प्रत्येक फुग्यानंतर गंभीर चेहऱ्याने सांगायची. बायको पडदे झटकत शिव्या घालायची आणि हसायची. त्या घरात बऱ्याच दिवसांनी तिघं एकदम हसत होती.

चौथ्या खुर्चीवर मखमलचं नाव होऊ लागलं, हा आणखी गमतीचा भाग. पोरांना तो फुग्याच्या गोष्टी सांगायचा, पोरं रडायची विसरायची. एके दिवशी एक आजोबा नातवाला घेऊन आले. मखमलने खांदा चोळला, ते त्यांनी पाहिलं.

"दुखतोय का रे?" म्हणत त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "घे एक. माझ्या गुडघ्यासाठी दिल्यात. जादू आहे नुसती."

तीच गोळी होती. तोच चंदेरी कागद. घ्यायला हात नुसता पुढे करायचा होता. त्या वेळी सलूनमध्ये पाच माणसं होती आणि चार आरशांमधून ती सगळी त्याच्याकडे बघत होती.

"आजोबा, ती खिशात ठेवा. मला ती चालत नाही."

"का? अंगावर उठतं?"

"नाही," मखमल म्हणाला. "मला तिचं व्यसन होतं. सोडतोय. तुम्हीही किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टरांना नीट विचारा."

रेडिओची कैची थांबली. रेडिओही थांबला. आजोबांनी पाकीट खिशात घातलं आणि जाताना मखमलच्या पाठीवर हात ठेवला. त्या दुपारी चहा आला तेव्हा वस्तादांनी पहिला कप स्वतः उचलून चौथ्या खुर्चीपाशी नेऊन दिला. वस्ताद कोणाला चहा नेऊन देत नाहीत. मी तर म्हणतो, लढाई त्याने त्या दुपारीच जिंकली. पुढचं नुसतं दिवस जायचं काम होतं.

दिवस गेले. आठव्या महिन्यात बॉबिनच्या डबीत पुन्हा फक्त बॉबिन उरल्या. तरी दाढीचा पत्ता नव्हता. एक महिना गेला, दोन गेले. मखमल रोज गाल चाचपायचा आणि बायकोपासून लपवायचा. डॉक्टरबाईंनी नव्या रक्ताचा आकडा पाहून "सरकतोय, धीर धरा" म्हटलं. सरकतोय म्हणजे किती, ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

मग एका सकाळी तोंड धुऊन तो टॉवेलने पुसत होता, तर टॉवेलचा दोरा गालात अडकला. त्याने टॉवेल पुन्हा फिरवला. पुन्हा अडकला. पांढरा कापसाचा तंतू हनुवटीवर चिकटून राहिला होता, पूर्वी रोज राहायचा तसा. मखमल मोरीपाशी किती वेळ उभा होता कोण जाणे. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि बायकोच्या मागे उभा राहून त्याने तिच्या मानेवर हनुवटी टेकवली.

"टोचतंय," ती म्हणाली. बाजूला मात्र झाली नाही.

पुढच्या सोमवारी मखमल सलूनमध्ये आला तेव्हा गालावर निळी झाक होती. रेडिओने बघितलं आणि शिट्टी वाजवली. "काय रे, साबण संपला वाटतं!"

मखमल हसला. साबणाबद्दल त्याची एकेका गिऱ्हाइकाची माफी मागून झाली होती.

वस्तादांनी त्याला खुर्चीत बसवलं. ब्रश भिजवला. गालावरून उलटा हात फिरवला. हनुवटीपासून कानापर्यंत, आणि मग पुन्हा एकदा, उगाचच.

"कधी केलीस?"

"काल सकाळी."

वस्तादांच्या बोटांना कुठलाच आकडा, कुठलाच रिपोर्ट लागत नव्हता. म्हातारा डोळे मिचमिचवत होता, आणि ते काही नजर अधू झाल्यामुळे नव्हतं. त्यांनी दाढी केली, नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन. "राठ आहे मेल्याची," ते मध्येच पुटपुटले, आणि मखमलला वाटलं, एवढं मोठं कौतुक आपलं आयुष्यात कोणी केलं नसेल.

मग वस्तादांनी पहिल्या खुर्चीवरची चादर ओढून काढली, घडी केली आणि स्वतः त्या खुर्चीत बसले. सदऱ्याच्या खिशातून मखमलचा वस्तरा निघाला. वर्षभर त्यांनी तो रोज खिशात घेऊन फिरवला होता. पात्याला तेल होतं, एक डाग नव्हता.

"धार मी लावून ठेवली आहे," ते म्हणाले. "तू फक्त हात स्थिर धर."

त्यांनी मान मागे टाकली. कानाखाली तो जुना व्रण होता, बोटाच्या पेराएवढा. मखमलने गरम टॉवेल ठेवला, फेस लावला, आणि वस्तरा गालावरून खाली आणला. खांदा थोडा दुखत होता. हात हलत नव्हता. व्रणापाशी आल्यावर त्याने श्वास रोखला, वळसा घेतला, पुढे गेला. रेडिओ तोंड उघडं टाकून बघत होता.

गळ्याच्या दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत त्याच्या कानावर एक बारीक घरघर आली. त्याने वाकून पाहिलं. वस्तादांना झोप लागली होती. दाढी करून घेताना वस्ताद कधी झोपत नसत. उघड्या वस्तऱ्याखाली, गळा पुढे करून, म्हातारा चक्क घोरत होता.

मखमलने दाढी पूर्ण केली, पात्यावरचा फेस पुसला आणि वस्तरा मिटला. अर्ध्या शटरखालून दोन गिऱ्हाइकं वाकून आत बघत होती. त्याने ओठांवर बोट ठेवून त्यांना थांबायला सांगितलं, आणि वस्ताद जागे होईपर्यंत तो पहिल्या खुर्चीमागे ताठ उभा राहिला.